सात पंचावन्नच्या गोळ्या

९ मार्च

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. भावना नंतर, जागा उरल्यास.

एक. माझे वय सत्तावन्न. जुन्या दस्तऐवजांच्या संग्रहात कागद-जतन विभागाची मी प्रमुख आहे. रसायनशास्त्रातील डॉक्टरेट माझ्या नावावर आहे आणि ती मी कोणाच्या मेहेरबानीने मिळवलेली नाही.

दोन. गेली अकरा वर्षे माझ्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आहे. तो कसा आला, या प्रश्नाला मी आजवर कोणाला उत्तर दिलेले नाही. ही वहीही अपवाद नाही.

तीन. त्यांपैकी दहा वर्षे विषाणूंची मोजणी पन्नासच्या खाली राहिली, म्हणजे यंत्रालाही सापडणार नाही इतकी. अशी मोजणी टिकून राहिली की विषाणू माझी प्रकृती बिघडवत नाही आणि शरीरसंबंधातून दुसऱ्याकडेही जात नाही.

चार. नऊ ऑक्टोबरला डॉक्टरीणबाईंनी जुनी औषधे बंद करून तीन औषधे एकत्र असलेली नवी गोळी सुरू केली. रोज एक, सकाळी आठला. आजवर सकाळी एकशे बावन्न, गोळ्या एकशे बावन्न.

पाच. आमच्या इमारतीसमोर दुकान असलेले घड्याळजी, वय एकसष्ट, विधुर, यांनी जानेवारीत मला लग्नाचे विचारले. माझा आजार त्यांना मीच सांगितला होता. तरी विचारले. नव्या गोळीचा पहिला अहवाल स्वच्छ आला की उत्तर देईन, असे मी कळवले.

सहा. आज अहवाल आला. सहाशे चाळीस.

सात. अर्थात कोणाची तरी चूक झाली आहे.

आठ. ती माझी नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली आणि विचारले, "मधे कधी गोळ्या चुकल्या का?"

"मला विचारता?"

"रागावू नका हो. सगळ्यांनाच विचारते."

"मग सगळ्यांत मला धरू नका."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोवर गोळी एकही दिवस बंद करायची नाही, आणि त्याआधी औषध खिडकीवर जाऊन नीट चौकशी करून घ्यायची, असे त्यांनी सांगितले. 'नीट' हा शब्द त्यांनी मला उद्देशून वापरला, हे मी नोंदवून ठेवते.

१० मार्च

तीन पत्रे लिहिली. पहिले प्रयोगशाळेस: माझ्या रक्ताचा नमुना दुसऱ्याच्या नमुन्याशी बदलला गेला नाही, याचा पुरावा द्यावा. दुसरे औषध कारखान्यास: सदर गोळ्यांत औषध होते काय? तिसरे वाहतूक कंपनीस: खोकी उन्हात ठेवली होती काय? असल्यास किती अंश, किती तास? तिन्ही पत्रांची भाषा इतकी नेमकी उतरली की अहवालानंतर प्रथमच जेवण गोड लागले.

घड्याळजींना अद्याप काही सांगितलेले नाही. अपुरा पुरावा हाती असता निवेदन करणे शास्त्राला धरून नसते.

१३ मार्च

संशयितांत एक भर: माझ्या स्वयंपाकघरातील घड्याळ. ते मागेपुढे असेल तर माझे आठ हे खरे आठ नव्हेत. घड्याळजींना तपासणीस बोलावले. ते पावणेआठलाच हजर झाले. समोरच्या घराचा पडदा हलला. हलो.

"रिपोर्ट आला का?" दारातच त्यांनी विचारले.

"यायचा आहे." हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते.

"काय बाईसाहेब, तुमची लॅब आहे की गोगलगाय? इथं मी जानेवारीपासून चावी भरून बसलोय."

"चावी जास्त भरली की कमान तुटते, हे आपणच सांगितले होते."

"हो, पण ते स्वस्तातल्या घड्याळांचं!"

त्यांनी भिंतीवरचे घड्याळ उतरवून आपल्या मनगटाशी लावले. चाळीस सेकंद पुढे निघाले. मी लगेच वही काढली. ते हसत सुटले. "अहो, गोळी म्हणजे काय आगगाडी आहे, चाळीस सेकंदांत सुटायला?"

तेवढ्यात सात पंचावन्न झाले. त्यांच्यासमोरच ताटली मांडली. पुदिन्याच्या वासाच्या दोन पांढऱ्या गोळ्या, नीट चावून. मग पाच मिनिटे शांतता. मग आठ वाजता मुख्य गोळी, दोनशे मिलिलिटर पाण्यासह.

"आणि या पांढऱ्या कसल्या?"

"पूर्वतयारी," मी म्हणाले आणि समजावून सांगितले. जुन्या कागदावर कोणताही उपचार करण्याआधी आम्ही त्यातले आम्ल काढतो. आम्ल असलेल्या कागदावर लावलेले काहीही टिकत नाही. माझे पोट तरुणपणापासून जळजळते. नवी गोळी इतकी मोलाची, तिला आम्लात कशी टाकावी? म्हणून आधी आम्ल काढायचे, जमीन तयार करायची, मग उपचार. नव्या गोळीबरोबरच, नऊ ऑक्टोबरपासून, मी ही पद्धत स्वतः बसवली.

"डॉक्टरनं सांगितली?"

"डॉक्टरांना कागदातले काय कळते?"

"नाही, मी पोटाबद्दल विचारत होतो," ते म्हणाले आणि घड्याळ खिळ्यावर चढवले. चाळीस सेकंद मागे घेऊन. कामात माणूस चोख आहे.

२० मार्च

औषध खिडकी. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी माझ्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. जितक्या असायला हव्या, तितक्याच.

"कमाल आहे तुमची! इथं लोक आठवड्याचा हिशेब देत नाहीत. मग घोडं पेंड कुठं खातंय?"

"ते शोधणे आपले काम."

"बरं. दुसरी काही औषधं घेता?"

"नाही."

"लोहाची गोळी? कॅल्शियम? ताकदीची पावडर? किंवा साधं..."

"बाई, यादी वाचू नका. मी शाळेतली मुलगी नाही. औषध मी एकच घेते."

बाईंनी 'इतर औषधे' या रकान्यात आडवी रेघ मारली. रेघ वाकडी होती.

"आणि डब्यातलं पत्रक वाचलंत ना?"

"वाचले नाही, दुरुस्त केले," मी म्हणाले, आणि ते खरे आहे. पत्रकाचा कागद आम्लधर्मी असून पाच वर्षांत पिवळा पडणार, हे ऑक्टोबरातच लक्षात आले होते. मी त्यातले आम्ल काढले, घड्या सपाट केल्या, छपाईचे अकरा दोष पेन्सिलीने दाखवले आणि ते पारदर्शक पाकिटात घातले. इतक्या काळजीने ठेवलेले औषधपत्रक जगात दुसरे नसेल.

बाई माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या. आदराने असावे.

५ एप्रिल

धाकटी आली. माझी बहीण असूनही ती वस्तू जागच्या जागी ठेवत नाही. अहवाल तिने पर्समधून चावी काढावी तसा माझ्या टेबलावरून उचलला आणि वाचला.

"सहाशे चाळीस? ताई! आणि त्या बिचाऱ्याला तू सांगितलंसही नाहीस?"

"निकाल स्वच्छ आल्यावर सांगेन."

"तू लग्न करतेयस की त्याची परीक्षा घेतेयस?"

"परीक्षा माझी आहे."

"मग पेपर तूच काढलास, तपासलासही तूच, आणि निकालही तूच दाबून ठेवलास! तुझं आपलं नेहमीचं. मोडेन पण चुकणार नाही."

ती गेल्यावर पोटात आग पेटली. सकाळच्या पूर्वतयारीत काही उणे राहत असेल, हा विचार प्रथमच मनात आला. उद्यापासून दोनाऐवजी चार पांढऱ्या गोळ्या. यापुढे कोणाला बोट ठेवायला जागा नको.

प्रयोगशाळेचे उत्तर आले. अत्यंत सभ्य, दोन पाने. नमुना माझाच होता.

२१ एप्रिल

आज सांगावे लागले. घड्याळजी दर सोमवारी आमच्या वाचनकक्षातील मोठे घड्याळ पाहायला येतात. आज काम संपवून सरळ माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतले.

"बाईसाहेब, रिपोर्ट दीड महिन्यापूर्वीच आलाय. तुमच्या तोंडावर लिहिलंय."

मी आकडा सांगितला. ते खुर्चीत बसले. मला वाटले, आता उठतील, नमस्कार करतील आणि जातील. तशी मी तयारीही केली होती. दोन वाक्ये मनात रचून ठेवली होती.

ते म्हणाले, "म्हणजे गडी रोज वेळेवर घरातून निघतो, पण कामावर त्याची हजेरी लागत नाही. मग वाटेत कुणीतरी गाठतंय त्याला."

"ही तुलना अशास्त्रीय आहे."

"असेल. पण घड्याळ मागं पडलं की मी काट्यांना शिव्या देत नाही. आधी बघतो, मालकानं कौतुकानं घरी तेल घातलंय का. निम्म्या वेळी तेच असतं. कमी काळजीनं बंद पडलेली घड्याळं थोडी, जास्त काळजीनं पडलेली फार." मग म्हणाले, "त्या पांढऱ्या गोळ्यांचं तुम्ही खिडकीवर सांगितलंत?"

मी उभी राहिले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट कोणाची आहे, हे मी त्यांना विचारले. चाळीस वर्षे घड्याळांच्या पोटात नाक खुपसणाऱ्याने माझ्या पोटात खुपसू नये, असेही म्हणाले. शेवटी मी म्हणाले, "आपण आपली घड्याळे दुरुस्त करा."

"बरं," ते म्हणाले आणि गेले. दार त्यांनी आपटले नाही. आपटले असते तर मला सोपे गेले असते.

२३ एप्रिल

आज जे घडले ते मी क्रमाने लिहिणार आहे, कारण क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

नोंदणी कार्यालयातील चार कारकून विभाग पाहण्यास आले होते. मी त्यांना काळ्या शाईचा एक जुना करारनामा दाखवत होते. एकाने विचारले, "मॅडम, इतक्या वर्षांत ही शाई धुऊन कशी गेली नाही?"

हे व्याख्यान मी शेकडो वेळा दिले आहे. "या शाईत झाडाच्या सालीतील तुरट अर्क आणि लोहाचा क्षार असतो. दोन्ही वेगवेगळे पाण्यात सहज विरघळतात. पण एकत्र आले की अर्काचा रेणू धातूला मिठी मारतो, आणि मग ती जोडी विरघळत नाही, हलत नाही, कागदातून पलीकडे जात नाही. जिथल्या तिथे राहते. धातू लोहच असला पाहिजे असेही नाही. काही रेणूंना ॲल्युमिनियम चालते, काहींना मॅग्नेशि..."

मी थांबले.

"मॅडम, पाणी देऊ का?" कारकून म्हणाला.

पांढऱ्या गोळीच्या वेष्टनावर काय लिहिले आहे, हे मला न पाहता पाठ आहे. मॅग्नेशियम. ॲल्युमिनियम. आमच्या विभागात कागदातील आम्ल काढायला आम्ही मॅग्नेशियमच वापरतो. म्हणून तर ती गोळी मला ओळखीची वाटली, घरची वाटली, औषध वाटलीच नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. पारदर्शक पाकिटातून पत्रक काढले. मागची बाजू, सातवी ओळ. 'ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची गोळी घेत असल्यास हे औषध तिच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे.'

ओळीशेजारी समासात पेन्सिलीची खूण होती, माझ्या अक्षरात: 'ओळ दीड मिलिमीटर तिरकी.'

मी तिरकेपणा पाहिला होता.

२४ एप्रिल

खिडकीवर माझ्यापुढे सहा जण होते. पाच जणांना मी पुढे जाऊ दिले. सहावा म्हणाला, "बाई, तुम्ही रांगेत आहात की रांग सांभाळताय?" तेव्हा जावे लागले.

चष्मेवाल्या बाईंना मी सर्व सांगितले: पांढऱ्या गोळ्या, सात पंचावन्न, सहा एप्रिलपासून दुप्पट. बाई हसतील या तयारीने मान ताठ ठेवली होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे रोज सकाळी, अगदी न चुकता, घड्याळ लावून..."

"होय."

"आमची इतकी पेशंटं आहेत, पण चूकसुद्धा इतकी वक्तशीर कुणाची नाही हो!" मग त्या हसल्या. मीही. किंचित.

त्यांनी सांगितले की अशा गोळ्यांबद्दल कोणी सांगतच नाही. दुकानात सहज मिळते ते औषध, असे कोणाला वाटत नाही. मागच्याच महिन्यात एकीने शक्तीची म्हणून लोहाची गोळी रिकाम्या पोटी याच मुख्य गोळीबरोबर घेतली होती. मग 'इतर औषधे' या रकान्यातील रेघ खोडून त्यांनी नाव लिहिले. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे दोन्ही शब्द नीट लिहिले आहेत ना, एवढे मी पाहिले.

तिथून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्या सूचना: मुख्य गोळी आठलाच, एकटी. ती बंद करायची नाही, आणि मागचे भरून काढायला म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. पांढरी लागलीच तर सकाळी दहानंतर. इतकी वर्षे पोट का जळते, हेही आता तपासायचे. औषधावर मात करायला विषाणू शिकला आहे काय, ते पुढच्या मोजणीवरून ठरेल. ती तीन महिन्यांनी.

"आणि मोजणी खाली येईपर्यंत जवळीक असेल तर कंडोम वापरायचा," त्या म्हणाल्या.

"तशी व्यक्ती सध्या माझ्याशी बोलत नाही."

"मग बोलतं करा."

या बाई फार बोलतात. पण पदवी चांगल्या ठिकाणची आहे.

संध्याकाळी कारखान्यास व वाहतूक कंपनीस पत्रे पाठवली: पूर्वीची तक्रार मागे घेत आहे. 'माझी चूक' हे दोन शब्द लिहायला पाऊण तास लागला. तिसऱ्या पत्राचा मजकूर मात्र जमला नाही. ते रस्ता ओलांडून द्यायचे होते.

१२ मे

वाचनकक्षातील घड्याळ चार मिनिटे मागे आहे. आज तिसरा सोमवार. घड्याळजी आले नाहीत. ग्रंथपाल म्हणाले, "मी जाऊन सांगून येऊ का?" मी म्हणाले, "रीतसर अर्ज करा." ते माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत गेले.

पोट आता कमी जळते. सकाळी सात पंचावन्नला मी काहीच करत नाही. नुसते बसण्याची सवय नसल्याने ती पाच मिनिटे अडचणीची होतात.

१९ जून

दुपारी धाकटी परस्पर घड्याळजींच्या दुकानात जाऊन आली. न विचारता. कारण काय, तर तिचे घड्याळ बंद पडले. तिच्याकडे घड्याळ नाही.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, 'मला घड्याळं दुरुस्त करायला सांगितलंय, तेच करतोय.'"

"अरेरावी कशी आहे पाहा!"

"ताई, हे वाक्य तुझंच आहे. त्यानं फक्त परत केलंय. आणि ऐक, तुझी मोजणी किती, हे त्यानं विचारलंच नाही. 'तिचं पोट बरं आहे का?' एवढंच विचारलं."

मी म्हणाले, मला काम आहे. काम नव्हते. या वाक्यांतून नेमके काय निष्पन्न होते, यावर मी बराच वेळ विचार केला. निष्कर्ष निघाला नाही. धाकटीला मात्र काहीतरी समजल्यासारखे वाटत होते. ती घराबाहेर पडेपर्यंत शीळ घालत होती.

२४ जुलै

रक्त दिले. आठवडाभराने अहवाल. पुन्हा सहाशे असेल तर? हा प्रश्न लिहून ठेवते, म्हणजे तो डोक्यात फिरणार नाही.

फिरतोच आहे.

३१ जुलै

खिडकीवर चष्मेवाल्या बाईंनी बंद पाकीट दिले. देताना उगाचच हसत होत्या. शेजारच्या मदतनीस बाईंना त्यांनी कोपरही मारले. सरकारी कामाच्या ठिकाणी हे शोभत नाही.

"अहो, उघडा तरी!"

"घरी जाऊन."

घरी आले. टेबलापाशी बसले. पाकीट समोर ठेवले, सुरी हातात घेतली आणि खाली ठेवली. मनात आले: आकडा चांगला निघाला तर मी रस्ता ओलांडेन, वाईट निघाला तर ओलांडणार नाही. म्हणजे लग्नाचा निर्णय मी यंत्रावर सोपवला आहे. आणि तो माणूस तर यंत्रांसोबतच जगतो, तरी त्याने आकडा विचारला नाही.

पाकीट उघडले नाही. खालील पत्र लिहिले. अस्सल पत्र पाकिटासह दुकानाच्या दाराच्या फटीतून आत सारले. नक्कल येथे.

"घड्याळजी यांस,

वस्तुस्थिती क्रमाने. एक: पांढऱ्या गोळ्यांविषयी आपली शंका बरोबर होती. दोन: त्यांतील धातू माझ्या औषधाला पोटातच धरून ठेवत होता. ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. मला ती शिकवता येते. तीन: २१ एप्रिल रोजी मी वापरलेली तीन वाक्ये मी मागे घेते. चौथे वाक्य आपण माझ्या बहिणीमार्फत परत पाठवलेच आहे. चार: अहवाल स्वच्छ आल्यास उत्तर देईन, ही जानेवारीतील अट मी रद्द करते. ती अट आपल्यासाठी नव्हती. चुकण्याची वेळ माझ्यावर कधी येऊ नये, म्हणून होती. पाच: माझे उत्तर 'होय' असे आहे. सहा: नवा अहवाल सोबतच्या पाकिटात आहे. मी तो पाहिलेला नाही. आकडा चांगला असो वा वाईट, गोळी रोज आठलाच घेतली जाईल, आणि वाईट असल्यास डॉक्टरीणबाई सांगतील ती सर्व काळजी आपणा दोघांनाही घ्यावी लागेल. त्याची यादी मी मागाहून देईन.

आता आपला प्रस्ताव अद्याप कायम आहे काय, ते कळवावे. पाकीट उघडण्यापूर्वी कळवावे. हसणे, मान डोलावणे, बहिणीकरवी निरोप धाडणे किंवा वाचनकक्षातील घड्याळ गुपचूप दुरुस्त करून जाणे, यांपैकी काहीही उत्तर म्हणून धरले जाणार नाही. उत्तर लेखी, सहीनिशी, उद्या सकाळी आठच्या आत माझ्या हाती यावे."